निवासी शिबिरासाठी मुलांच्या सॅकमध्ये ऋतूनुसार काय द्यावे?

मुलुंडकर:
नमस्कार. आमच्या मंडळाच्या युवा गटात १३ ते १७ वर्षांची २२ मुले-मुली आहेत. जुलैमध्ये कर्जतच्या बाजूला, डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याला आणि मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर आम्ही त्यांना तंबूत मुक्कामाला नेतो. गेल्या डिसेंबरात मी पावसाळ्याच्याच यादीत ‘स्वेटर’ एवढा एक शब्द वाढवून ती पालकांना पाठवली. दिवसा मुलांनी कळसूबाई चढली आणि रात्री दोन वाजता त्यांतली नऊ मुले विझत आलेल्या शेकोटीभोवती बसलेली मला दिसली. प्रत्येकाच्या अंगात स्वेटर होता, तरीही ती कुडकुडत होती. यंदा ही चूक मला पुन्हा करायची नाही. प्रत्येक ऋतूसाठी खरोखर काय हवे आणि लोकलच्या गर्दीत ते ओझे मुलांना कसे पेलेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

घाटवाटा:
तुमच्या मुलांना थंडी वरून नव्हे, खालून वाजली असावी. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते आणि जमीन शरीराची ऊब ओढून घेते. म्हणून डिसेंबरात दुसऱ्या चादरीपेक्षा फोमची कॅरीमॅट अधिक उपयोगी पडते. दुसरे कारण स्वेटरच. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तो चढ मुले स्वेटर घालून चढली असतील, तर तो आतून घामाने ओला झाला असणार, आणि रात्री तेच ओले कपडे अंगावर राहिले असणार. चढताना अंगात साधा टीशर्ट असावा, माथ्यावर वारा लागताच विंडचीटर चढवावे आणि झोपायचा जोड, म्हणजे पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा, लोकरी मोजे व कानटोपी, वेगळ्या पिशवीत बांधून ती पिशवी तंबूत शिरल्यावरच उघडावी. हा एक नियम मी तिन्ही ऋतूंत कटाक्षाने पाळायला लावतो.

पालक मुंबईची हवा पाहून सॅक भरतात, हीही एक अडचण आहे. समुद्रामुळे आपल्याकडची रात्र सौम्य राहते. घाटमाथ्यावर मात्र निरभ्र आकाशाखाली जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते. त्यामुळे यादीच्या वरच्या बाजूला त्या गावाचे रात्रीचे अपेक्षित तापमान ठळक लिहावे.

जुलैसाठी एकच सांगतो. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, कारण पाठ आणि सॅक यांच्या मधून पाणी उतरते आणि नेमके तळाचे कपडे भिजतात. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घालावी, तिचे तोंड पिळून दुमडावे आणि मगच सॅक बंद करावी. जीन्स अजिबात नको. एकदा भिजली की ती दोन दिवस वाळत नाही आणि मांड्यांना घासत राहते. बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रे मात्र जरूर द्यावीत.

गिरगावची परिचारिका:
वरील उत्तरात आरोग्याची बाजू जोडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग जखमेवाटे होऊ शकतो, म्हणून मुलांना अनवाणी फिरू देऊ नये आणि पायाला खरचटले असेल तर जलरोधक पट्टी लावल्याशिवाय चिखलात उतरू देऊ नये. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंडही होत नाही. अशा वेळी रुंद काठाची टोपी, सैल सुती कपडे, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या आणि ओआरएसच्या पुड्या हव्यात. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती पूर्ण विरघळवावी; अर्धी पुडी पेल्यात टाकण्याची सवय चुकीची आहे.

दम्याचा इनहेलर मोठ्या सॅकमध्ये नव्हे, मुलाच्या खिशात असावा, आणि औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी गटप्रमुखाकडे असावी. सॅनिटरी पॅड प्रत्येक मुलीच्या यादीत लिहा, तारीख जवळ असो वा नसो. प्रवासाने आणि दगदगीने पाळी मागेपुढे होते, आणि परक्या ठिकाणी मागायला मुली संकोचतात. वापरलेले पॅड परत आणण्यासाठी कागदी पिशव्याही द्याव्यात.

दादरचा शिबिरप्रमुख:
सॅक आईने भरून देऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी सर्वांना सभागृहात बोलावतो, प्रत्येकाला सॅक जमिनीवर रिकामी करायला लावतो आणि स्वतःच्या हाताने पुन्हा भरायला सांगतो; त्यामुळे रात्री अंधारात टॉर्च कुठे आहे हे मुलाला आठवते. शाळेच्या दप्तरासाठी शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा सांगितली जाते. शिबिराची सॅक त्याहून थोडी जड होईल, पण ४० किलोच्या मुलाच्या पाठीवर सहा किलोंपेक्षा अधिक ओझे मी देत नाही. पातेली, तंबू आणि शिधा मोठ्यांनी वाटून घ्यावा. लोकलमध्ये सॅक पुढे छातीशी धरायला आधीच शिकवा, आणि कसाऱ्याची गाडी सुरुवातीच्या स्थानकावरूनच पकडा.

मुलुंडकर:
सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे मॅट १४ आहेत आणि यंदा नव्या घेणे जमणार नाही. उरलेल्या आठ मुलांसाठी काय करावे?

घाटवाटा:
भंडारदऱ्याच्या परिसरात डिसेंबरपर्यंत भाताची झोडणी उरकलेली असते. गावात आधी निरोप धाडून कोरडा पेंढा रीतसर विकत घ्या. तंबूत तो दबल्यावरही चार बोटे जाड राहील इतका पसरा आणि वर ताडपत्री अंथरा. शेकोटी मात्र त्या तंबूंपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, कारण पेंढा एका ठिणगीने पेटतो.