मिळतेजुळते डोमेन घेतल्यास व्यापारचिन्हाचा भंग होतो का?

पंचवटीकर: आमचा नाशिकमध्ये घरगुती चिवड्याचा व्यवसाय आहे. एका प्रसिद्ध चिवडा-उत्पादकाच्या नावात केवळ एका अक्षराची भर घातलेले ‘डॉट इन’ डोमेन उपलब्ध असून ते घ्यावे असा विचार आहे. ते सहज मिळत असेल, तर कायदेशीर अडचण नाही असे समजावे का?

गंगापूर रोड: नाही. डोमेन विकणारा तो पत्ता शिल्लक आहे एवढेच पाहतो, त्यावर हक्क कोणाचा हे तपासत नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा दिला. त्या खटल्यातील ‘sifynet’ आणि ‘siffynet’ या दोन डोमेन नावांतला फरक किती किरकोळ होता, हे निकाल वाचताना ध्यानात येते. तुमचा मालही तोच, गिऱ्हाईकही तेच, म्हणून धोका अधिकच.

सातपूरकर: ‘डॉट इन’संबंधी तक्रार लवादाकडे जाते. नाव फसगत होण्याइतके सारखे आहे, तुमचा त्यावर न्याय्य हक्क नाही आणि हेतू अप्रामाणिक आहे, हे तक्रारदाराने दाखवल्यास डोमेन त्याच्याकडे वर्ग होऊ शकते. छापलेली पाकिटे मात्र तुमच्याच गळ्यात राहतील!

गंगापूर रोड: व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग ३० मध्ये (चिवड्यासारख्या खाद्यपदार्थांच्या वर्गात) उच्चारसाधर्म्यानुसारही शोध घ्या. तिथे काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण नोंदणी नसलेल्या पण नावारूपाला आलेल्या चिन्हाचा मालकही ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा लावू शकतो. ‘नाशिक’ आणि ‘चिवडा’ हे शब्द सर्वांना मोकळे आहेत. त्यांच्याआधी स्वतःचे वेगळे नाव जोडा.