भाचा डिजिटल स्कॅनर ठेवून गेला, आणि सेट म्हणतो तुम्ही केंटकीत आहात

पाचोरेकर_मास्तर

राम राम मंडळी. दिवाळीत न्यू जर्सीचा भाचा आला होता. जाताना "मामा, तुम्हाला रेडिओचा नाद, घ्या" म्हणत युनिडेनचा बीसीडी ४३६ एचपी हा हातात धरायचा डिजिटल स्कॅनर ठेवून गेला. तिकडे तो गावचं अग्निशमन दल, अँब्युलन्स असलं काय काय ऐकायचा. आता त्यांनी बोलणं एन्क्रिप्ट केलं, म्हणजे बाहेरच्याला कळू नये असं सांकेतिक केलं म्हणे. म्हणून हा माझ्या नशिबी.

सेट चालू केला तर त्यानं आधी झिप कोड मागितला. मी आमचा पिन कोड टाकायला घेतला, ४२४२०१. तो पाचच आकडे घेतो. म्हटलं शेवटचा एक राहिला तर राहिला, पोस्टमनला तरी कुठे सगळे लागतात! ४२४२० झाले आणि सेट खूश होऊन धावायला लागला. स्क्रीनवर नावांमागून नावं पळताहेत, आवाज मात्र शून्य. दोन दिवस मी गच्चीवर, मोटारीजवळ, विहिरीवर, जिथे सुचेल तिथे तो उंच धरून फिरलो. तीन पेन्सिल सेल संपले. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून नीट वाचलं तेव्हा कळलं, ४२४२० म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं हेंडरसन. मी पाचोऱ्यात उभा राहून हेंडरसनची अँब्युलन्स शोधत होतो.

आई रोज विचारते, "हाई काय शे रे? यामा गाणा लागतस का?" तिला जळगाव आकाशवाणी हवी, पूर्वी मिडियम वेव्हवर लावायचो तशी. ती मला सापडली नाही.

तर विचारायचं हे, की हा सेट आपल्याकडे काही कामाचा आहे का? डिजिटल म्हणजे सगळंच ऐकू येतं असं वर्गातली पोरं म्हणतात. त्यांना तर भुसावळचं रेल्वेचं आणि पोलिसांचंच ऐकायचंय. पीजे, म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, बंद झाल्यापासून आमच्याकडे शिट्टीसुद्धा ऐकायला मिळत नाही, त्यामुळे त्यांचा मोह समजतो.

केळीवाला_रावेर

मास्तर, पोलिसांचं ऐकायच्या नादात पोलिस घरी येऊन तुमचं ऐकतील. 😄

तुमच्या धाग्यात माझाही एक प्रश्न सरकवतो. बागेत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मोबाईलची रेंज जाते. गड्यांसाठी वॉकीटॉकी घेतली तर लायसन लागतं का?

तापीकाठ_भुसावळ

मास्तर, सेट चांगला आहे, पण तो तिकडच्या गावांसाठी बनवलाय. त्याच्या पोटात तिकडची भलीमोठी यादी भरलेली असते. झिप टाकला की तो त्या भागातली सगळी चॅनेलं पाळीपाळीनं तपासतो. आपल्यासाठी ती यादी कोरी आहे असं समजा.

आता डिजिटलचं. पोरांना सांगा, डिजिटल ही एक भाषा नाही. पी२५ वेगळी, डीएमआर वेगळी. तुमचा सेट पी२५ जन्मतः जाणतो, कारण अमेरिकेतल्या पोलिस-अग्निशमनसाठी तीच चालते. डीएमआरसाठी कंपनीकडून वेगळा सॉफ्टवेअरचा कोड विकत घ्यावा लागतो, आणि तो त्या एका सेटपुरताच चालतो. डीएमआर एका १२.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन बोलणी आलटून पालटून पाठवतं, त्यामुळे साध्या रेडिओवर ते जुन्या मोटारसायकलसारखं फटफटतं. भाषा कळली तरी बोलणं एन्क्रिप्ट केलं असेल तर काही उपयोग नाही. तुमच्या भाच्याचं तेच झालं.

आईंना मिडियम वेव्ह यावर मिळणार नाही. हा सेट २५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि मिडियम वेव्ह दोनच्याही खाली. एफएमची गाणी लागतील. आणखी एक गंमत, वर ८२४ ते ८४९ आणि ८६९ ते ८९४ हे दोन पट्टे मुद्दाम कापलेत. जुन्या अॅनालॉग मोबाईलवरची बोलणी लोक स्कॅनरवर ऐकायचे, म्हणून तिकडच्या कायद्यानं ते बंद केले.

मूळ मुद्दा मात्र कायद्याचाच आहे. मी रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉममध्ये नोकरी केली, त्यामुळे रेल्वेचं ऐकायचा विषय माझ्यासमोर काढू नका. ते बोलणं आपल्यासाठी नसतं. आणि आपल्याकडे असा सेट नुसता बाळगायलाही परवानगी लागते. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून तेच, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तेच. तेव्हा सेल काढून सेट कपाटात ठेवा आणि हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा द्या. सरल संचार पोर्टलवर अर्ज करायचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्द लागतात. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, व्हीयू३ नाहीतर व्हीयू२ नं सुरू होतो. मास्तर माणसाला अवघड काही नाही, ओहमचा नियम तुम्ही पोरांना शिकवताच.

रावेरवाले, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर कमी पॉवरच्या वॉकीटॉकीला २०१८ पासून लायसन नाही. पण सेट त्याच पट्ट्यातला, प्रमाणित असल्याचं बघून घ्या. दुकानदार "साहेब, हा तर दहा किलोमीटर जातो" म्हणाला की तिथूनच परत फिरा.

साक्री_रोड_धुळे

मास्तर, यूट्यूबवर १३७ मेगाहर्ट्झवर नोआ या अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या उपग्रहांकडून ढगांचे फोटो काढायचे व्हिडिओ दिसतील. त्यांच्या मागे लागू नका. मी कॉम्प्युटरला यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे छोटा रेडिओ, लावून नोआ १९ चे काढायचो. पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग चढताना बघायला मजा यायची. पण ऑगस्ट २०२५ मध्ये १९ बंद केला आणि त्याच महिन्यात १५ पण. १८ आधीच जूनमध्ये गेला होता. आता रशियाचे मेटिऑर आहेत, ते डिजिटल चित्र पाठवतात. ते तुमच्या स्कॅनरला वाचता येणार नाही, "डिजिटल" लिहिलेलं असलं तरी.

पाचोरेकर_मास्तर

नोआ गेला हे वाचून वाईट वाटलं असतं, तो माझा असता तर. 🙂

तापीकाठ, सेल काढले. हॅम झालो तर या सेटवर काय ऐकू येईल?

तापीकाठ_भुसावळ

१४४ ते १४६ हा आपला दोन मीटरचा पट्टा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बरंचसं त्यातच बोलतं. अंतराळवीर शाळांशी बोलतात ते १४५.८०० वर, साध्या एफएमवर. कधीकधी चित्रंही तिथेच पाठवतात. १४५.८२५ वर डेटाची पाकिटं आणि ४३७.८०० वर स्थानकाचा रिपीटर, म्हणजे खालून आलेलं बोलणं पुन्हा खाली पाठवणारा. स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं. ४३७ ला येताना दहा किलोहर्ट्झ वर धरायचं, डोक्यावर आलं की बरोबर, जाताना दहा खाली. आगगाडीची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना बदलते, तसंच. पीजेवर ऐकलंच असेल.

सेटसोबतच्या त्या आखूड दांडीवर भिस्त ठेवू नका. मोटार वाइंडिंगची जाड तार घ्या, ४९ सेंटीमीटर उभी आणि खाली ५१-५२ च्या चार तारा ४५ अंशांत उताराला. डिश टीव्हीची केबल ऐकण्यापुरती चालते. छतावर सोलरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यापासून लांब. माझ्या शेजाऱ्यानं तो बसवला तेव्हापासून दुपारभर माझ्या रेडिओत माश्या घोंगावतात.

रविवारी या की भुसावळला. सेट आणू नका, माझ्या लायसनवर माझाच रेडिओ ऐकू.

पाचोरेकर_मास्तर

जाऊन आलो. रिकाम्या हातानं, एक वही घेऊन.

सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. तापीकाठ काकांच्या गच्चीवर वर लिहिलेली तीच तारांची छत्री, एका पीव्हीसी पाइपवर. वेळ झाली तसा त्यांनी आवाज वाढवला. सुरुवातीला नुसती खरखर. मग वायव्येकडून एक बारीक "खर्र-ब्रीप" आलं आणि गेलं. परत आलं. काका लॅपटॉपकडे बोट दाखवत होते, तिथे ओळ उमटली, आरएसझीरोआयएसएस, स्थानकाचा कॉलसाइन. मी वर बघितलं. भर उन्हाचं आकाश, काहीच दिसत नव्हतं. सहा मिनिटांत अकरा ओळी आल्या. मी वहीत प्रत्येकीची वेळ लिहीत होतो आणि काका माझ्याकडे बघून हसत होते. आग्नेयेला आवाज विरत गेला आणि शेजारच्या इन्व्हर्टरच्या माश्या उरल्या.

माणसाचा आवाज काही ऐकू आला नाही. पोरांना हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे पडणार.

काकूंनी भरीत-पुरी वाढली. जेवता जेवता काकांनी मोर्सची पहिली पाच अक्षरं ताटावर चमच्यानं वाजवून दाखवली, तेव्हा काकू म्हणाल्या, "ताट नवीन आहे."

रिस्ट्रिक्टेडचा अर्ज भरायला घेतलाय. सेट कपाटात आहे, आईच्या लुगड्यांच्या खाली. आईला वेगळा साधा रेडिओ आणून दिला. एफएम लागतं त्यावर. पण ती म्हणते, त्या दुसऱ्याला मोठा पडदा होता.