मदत हवी आहे: टिग वेल्डर आहे, व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी कशी शोधू?

भोसरीचा_टॉर्च:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत टिग वेल्डर आहे, म्हणजे आर्गॉन गॅसच्या आवरणात बारीक वेल्डिंग करणारा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, आणि त्यानंतर सात-आठ वर्षं फक्त स्टेनलेसचं पाइपिंग: डेअऱ्या, औषध कंपन्या. ३१६एल ग्रेडच्या स्टेनलेसचे पातळ पाइप, आतली हवा घालवायला आर्गॉन सोडून पर्जिंग, रूट (जॉइंटचा आतला थर) काळा पडला की जॉइंट कापून परत. ६जीची, म्हणजे तिरक्या, न फिरवता येणाऱ्या पाइपची टेस्ट पास आहे. पगार ओव्हरटाइम धरून महिना तीस हजारांच्या आसपास. यापुढे फार वाढेल असं दिसत नाही.

बाहेर जायचंय. गल्फ नको, तिथून परतलेले दोघे-तिघे शॉपमध्येच आहेत, त्यांचं ऐकून झालंय. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा जर्मनी. ऑनलाइन अर्ज केले की एक तर उत्तर येत नाही, नाहीतर विचारतात, 'इथे काम करायचा परवाना आहे का?' आता परवाना नोकरीशिवाय मिळत नाही आणि नोकरी परवान्याशिवाय. एक एजंट म्हणतो साडेसहा लाख द्या, स्पॉन्सर तयार आहे. अर्धे आधी, अर्धे व्हिसा आल्यावर. घरचे शेत गहाण टाकायला निघालेत, म्हणून आधी इथे विचारतोय. अशी कंपनी खरंच शोधायची कशी? एजंटशिवाय कुणाला जमलंय का?

मेलबर्नकर_काका:
शेताला हात लावू नका. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं कायद्याने बंद आहे. मागणारा गुन्हेगार ठरतो, देणाऱ्यावरही कारवाई होते आणि व्हिसा जाऊ शकतो.

इथे खर्च मालकाला असतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. मालक स्पॉन्सर म्हणून मंजुरी घेतो, मग त्या पदाचं नॉमिनेशन करतो, त्यानंतर तुमचा व्हिसा. नंबर ४८२, डिसेंबर २०२४ पासून नाव 'स्किल्स इन डिमांड'. नॉमिनेशनबरोबर त्याला प्रशिक्षण निधीची लेव्ही भरावी लागते: लहान कंपनीला वर्षामागे १,२०० डॉलर, मोठीला १,८००, आणि सगळ्या वर्षांची एकदम, आगाऊ. चार वर्षांसाठी बोलावलं तर छोट्या वर्कशॉपवाल्याचे ४,८०० डॉलर तुम्ही विमानात बसायच्या आत गेलेले असतात, आणि ते तुमच्याकडून वसूल करायला त्याला बंदी आहे. वर पगार, २०२५-२६ च्या दराने वर्षाला किमान ७६,५१५ डॉलर. एवढा खर्च करणाऱ्याला 'मेहनती आणि प्रामाणिक' वगैरे वाचायचं नसतं. त्याला जॉइंट बघायचा असतो.

भारतीय पासपोर्टवर वेल्डरला ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाचं, म्हणजे टीआरएचं असेसमेंट (कौशल्याची तपासणी) लागतं. आयईएलटीएसला प्रत्येक भागात किमान ५. इंग्रजीची परीक्षा आधी उरकून टाका आणि सीव्हीत वरच लिहा. 'परवाना आहे का' या प्रश्नाला 'नाही, पण इंग्रजी झालंय, टीआरएची फाइल तयार आहे' हे उत्तर बरंच वेगळं पडतं.

नेकारकाठी:
जर्मनीचं मी सांगतो, पण आवडणार नाही. वेल्डरचा आयटीआय एक वर्षाचा. मार्च २०२४ पासून जर्मनीने 'रेकग्निशन पार्टनरशिप' आणली, म्हणजे नोकरी करता करता प्रमाणपत्राला मान्यता मिळवायची. पण त्यासाठी मूळ शिक्षण किमान दोन वर्षांचं हवं आणि जर्मन ए२ पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्याइतकं, यायला हवं. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचे ट्रेड दोन वर्षांचे, त्यांचं निभतं. हात तुमचा त्यांच्यापेक्षा चांगला असेल, तरी कागदावर तुम्ही मागे. अन्याय आहे, पण आहे.

आणि महाराष्ट्र सरकारचा आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ साली करार झाला, दहा हजार तरुणांचा, त्यावर विसंबून राहू नका. करार सरकारांचा असतो, नेमणुकीचं पत्र कंपनीच देते. तुमच्या जागी मी जर्मनी तूर्त बाजूला ठेवली असती.

वायकाटो_वहिनी:
भाऊ, तुम्ही डेअरीचं पाइपिंग करता आणि न्यूझीलंडचं नाव मधेच घेऊन पुढे गेलात! नवरा इथे हॅमिल्टनला स्टेनलेस फॅब्रिकेशनमध्येच आहे. वायकाटो आणि तारानाकी हा सगळा दुधाचा पट्टा. इथल्या बहुतेक गाई हिवाळ्यात आटतात, म्हणून जून-जुलैला प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या उरकतात. त्या शटडाउनची जुळवाजुळव कंत्राटदार कित्येक महिने आधी सुरू करतात. तुम्ही जूनमध्ये अर्ज केलात तर त्यांना वाचायलाही वेळ नसतो.

इथल्या व्हिसाचं नाव अॅक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसा, २०२२ पासून आहे. मालकाने आधी इमिग्रेशन खात्याची मान्यता घ्यायची, मग त्या जागेची तपासणी, मग तुमचा अर्ज. मान्यता मिळालेल्या मालकांची यादी खात्याच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. तिथेच तुमचा शोध सुरू व्हायला हवा. जॉब साइटवर हजार जण एका जाहिरातीवर पडतात. त्यापेक्षा स्टेनलेस, डेअरी, प्रोसेस पाइपिंग करणाऱ्या कंपन्या हुडका, त्यांची नावं यादीत आहेत का बघा, आणि थेट वर्कशॉप मॅनेजरला लिहा. एचआरला नको. नोकरी देण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेणं इथेही बेकायदा आहे.

ईमेल चार ओळींची. सोबत एक पानाचा सीव्ही आणि फोटो: पर्ज केलेल्या पाइपचा आतला रूट, बाहेरचा बीड (वेल्डची रेघ), जमलं तर मिनिटभराचा व्हिडिओ. पाइपची जाडी, ग्रेड, पोझिशन खाली लिहा. हेल्मेट घालून काढलेले फोटो बरेच येतात, त्यावरून काही कळत नाही. आणि क्लायंटच्या प्लांटमधले फोटो विचारल्याशिवाय वापरू नका.

भोसरीचा_टॉर्च:
वहिनी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे 'सीक या जॉब साइटवर अर्ज भरा' एवढंच म्हणतात.
अडचण अशी की पगाराचा एक भाग रोख मिळतो. पगारपत्रक नियमित नाही. आणि मालकाला अनुभवाचं पत्र मागितलं तर त्याने सरळ विचारलं, कुठे चाललास? पत्र काही दिलं नाही.

मेलबर्नकर_काका:
रोखीचा भाग विसरा, तो कागदावर आणता येणार नाही. पीएफचं पासबुक यूएएनने लॉगिन करून काढा. त्यात कंपनीचं नाव आणि महिन्यामहिन्याची भरणी दिसते. ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, आयकर भरला असेल तर फॉर्म १६. आठ वर्षांतली पाचच पुराव्यात उभी राहिली तरी पाचच लिहा. सीव्हीत आठ आणि पासबुकात पाच असली की मुलाखत घेणारा तिथेच थांबतो.

जॉइंट_नंबर_४२:
मी क्वालिटीत आहे, तळेगावला. पत्रावाचून अडू नका. औषध कंपनीच्या कामाला थर्ड पार्टी इन्स्पेक्टर येतो ना? तेव्हा तुमचं डब्ल्यूपीक्यू झालंच असेल, म्हणजे वेल्डरच्या टेस्टचा रेकॉर्ड. त्यावर तुमचं नाव, स्टॅम्प नंबर, धातू, जाडी, पोझिशन आणि इन्स्पेक्टरची सही असते. परदेशी मॅनेजरला मालकाच्या गोडगोड पत्रापेक्षा तो कागद जास्त सांगतो. क्यूसीकडून, म्हणजे क्वालिटी खात्याकडून, प्रत मागा, ते सहसा नाही म्हणत नाहीत. वेल्ड मॅपवर (कुठला जॉइंट कुणी मारला ते दाखवणाऱ्या नकाशावर) तुमचा नंबर असेल तर तो नंबर तुमचाच आहे हे सांगणारा एखादा कागदही ठेवा.

एजंटचं म्हणाल तर भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, १९८३ च्या कायद्याने. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघा. नोंदणी असली तरी उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. साडेसहा लाख कशाचे, हे त्याला लेखी विचारा.

भोसरीचा_टॉर्च:
विचारलं. फोन उचलत नाही आता.
क्यूसीच्या मॅडमशी बोललो, गेल्या दोन प्रोजेक्टांचे डब्ल्यूपीक्यू देते म्हणाल्या. वहिनी, एक विचारायचं राहिलं: माझी टेस्ट एएसएमई सेक्शन ९ या अमेरिकन कोडप्रमाणे झालेली आहे. तिकडे ती धरतात, की आल्यावर परत टेस्टची प्लेट वेल्ड करायला लावतात?

वायकाटो_वहिनी:
नवऱ्याला विचारून सांगते. तो म्हणतो, कागद वाचतात, मान डोलावतात, आणि पहिल्याच दिवशी पाइप हातात देतात. त्याच्याकडून तर दोनदा मारून घेतला होता. तुम्ही इथल्या शटडाउनच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, मेल पाठवायला सुरुवात करा. सीव्ही आधी मला इथेच व्यनि करा, तो बघून घेईल.