परदेशी भाषेच्या शिक्षकाने परिषदेला जावं का? (रफार यांना उत्तर)

अनुस्वार

काल रफार यांनी लिहिलं की परदेशी भाषा शिकवणाऱ्यांच्या परिषदा म्हणजे रजा काढून केलेलं पर्यटन. गळ्यात ओळखपत्र, दोन दिवस भाषणं, आणि परत आल्यावर वर्गात काडीचा फरक नाही. शिकायचं ते वेबिनारमधून घरबसल्या मिळतं, आणि भाषावैज्ञानिकांच्या परिषदांकडे तर शिक्षकाने फिरकूही नये. प्रतिसादात चार ओळी लिहून भागेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी अठरा वर्षं जर्मन शिकवते. त्यातली बहुतेक ए-वन आणि ए-टू, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळ्यांचे वर्ग घेण्यात गेली. सातव्या-आठव्या वर्षी लक्षात आलं की माझं स्वतःचं जर्मन आक्रसत चाललंय. वाक्यं आखूड झाली होती. गौण वाक्य जोडायचं टाळायचं, कोंयुंक्टिव्ह (म्हणजे 'असं झालं असतं तर'वालं क्रियारूप) टाळायचा, शब्द ठरावीक आठशे-हजारांतलेच वापरायचे, कारण समोरच्याला कळलं पाहिजे. वर्गाबाहेर जर्मन बोलायला माणूस नाही. दिवसाला सहा तास ती भाषा तोंडात असूनही ती झिजत होती, आणि झिजतेय हे सांगायचीही लाज, कारण आपण 'जर्मनच्या बाई'!

२०२१ मध्ये ठरलेली जर्मन शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद, आयडीटी, साथीमुळे पुढे गेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये व्हिएन्नात झाली. दर चार वर्षांनी भरते ती. तिथे पहिल्याच दिवशी एका कोरियन शिक्षिकेशी माझा वाद झाला. विद्यार्थी बोलत असताना त्याची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी की बोलून होऊ द्यावं, यावर. अर्धा तास, जिन्यात उभ्या राहून, जर्मनमधून. 'असं असतं तर', 'तरीसुद्धा', 'तुमचं गृहीतकच चुकतंय' हे सगळं तोंडून बाहेर पडत होतं आणि मला रडू यायचं बाकी होतं. वेबिनारमध्ये माझा माइक बंद असतो, रफार. ऐकून भाषा टिकत नाही. आपल्या पातळीच्या माणसाशी भांडावं लागतं.

रफार

तुम्ही विषय भावनेवर नेलात. भाषा झिजते हे मान्य. पण त्यावर परिषद हा फार महागडा उतारा झाला. पुस्तकं वाचा, ऑनलाइन बोलायला जोडीदार शोधा, रोज अर्धा तास. टेसोल या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेचे सदस्य दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत 'इलेक्ट्रॉनिक व्हिलेज ऑनलाइन' हे प्रशिक्षण चालवतात. पाच आठवडे, विनामूल्य, आणि तिथे माइक बंद नसतो, कामही करून दाखवावं लागतं. उपयोजित भाषाविज्ञानवाल्यांची संघटना एआयएलए, तिची २०२१ची ग्रोनिंगेनची जागतिक परिषद ऑनलाइनच झाली. काय बिघडलं कोणाचं?

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आमच्या संस्थेत प्रवासखर्च मंजूर होतो एका माणसाचा, आणि तो माणूस दर वेळी एकच असतो. नऊ वर्षं अर्ज करतोय. एकदा परिषदेला पाठवलेला पेपरचा सारांश स्वीकारला गेला, रजा नाकारली गेली, कारण परीक्षा होत्या. ज्यांना रजा मिळाली ते परत आले, कर्मचारी खोलीत फोटो दाखवले, टिपणाचा एक कागद कोणाला दिला नाही. बढतीच्या फायलीत मात्र प्रमाणपत्र लागलं. हे बघून बघून मी जे लिहिलं ते लिहिलंय.

मधलीसुट्टी

रफार यांना माझा पाठिंबा, पण कारण निराळं. मला रोज ईमेल येतात: 'आपलं संशोधन वाचून आम्ही प्रभावित झालो, आमच्या जागतिक भाषा परिषदेत बीजभाषण द्यावं.' चार वर्षांपूर्वी मी फसले. सारांश पाठवला, दुसऱ्या दिवशी स्वीकृती. शुल्क भरलं, पदरचे पैसे घालून गेले. एकाच दालनात सकाळी दंतवैद्यक, दुपारी 'भाषा, साहित्य आणि व्यवस्थापन'. माझ्या सत्रात सहा जण, सहाही वक्ते. पेपर वाचायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, पुढच्याचा न ऐकता निघायचं. मी शेवटची होते. माझ्या वेळी फक्त अध्यक्ष उरले होते आणि ते फोन बघत होते. सहा महिने तयारी केली होती त्या पेपरची.

कोशकार

दुसऱ्या दिवशी स्वीकृती आली तिथेच ओळखायला हवं होतं. सारांश दोघा-तिघांनी नावं झाकून वाचायचा म्हटलं की आठवडे जातात. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी निरर्थक वाक्यं जोडून शोधनिबंध तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून निघालेला एक निबंध संगणकशास्त्राच्या एका परिषदेने परीक्षण न करताच स्वीकारला. म्हणजे हा धंदा जुना आहे. जेफ्री बील या ग्रंथपालाची संशयास्पद प्रकाशकांची यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. तेव्हापासून ज्याने त्याने स्वतःच तपासायचं. आयोजक संघटना कोणती, मागच्या वर्षीचा कार्यक्रम दिसतो का, शास्त्रीय समितीत ज्यांची नावं आहेत त्यांच्या स्वतःच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का. मी तर समितीतल्या एकाला थेट पत्र टाकून विचारतो. दोनदा उत्तर आलं, 'माझं नाव तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं.'

पण एका चोरामुळे बाजारच बंद करा म्हणणं बरोबर नाही.

मधलीसुट्टी

'ओळखायला हवं होतं' हे आज म्हणणं सोपं आहे. पहिला पेपर होता माझा. सांगणारं कोणी नव्हतं.

कोशकार

बरोबर आहे. शब्द मागे घेतो.

वेलांटी

तुम्ही सगळे खर्चावर आणि फसवणुकीवर बोलताय. मी चांगल्या, नावाजलेल्या परिषदांबद्दल बोलते. बीजभाषणाला कोण असतं? मातृभाषक. कार्यशाळा कोण घेतं? मातृभाषक. मी सोळा वर्षं स्पॅनिश शिकवते, वरची परीक्षा दिलेली आहे. मागे एका प्रशिक्षणात वर्ग कसा हाताळायचा हे शिकवायला बाविशीतला मुलगा आणला होता. त्याची पात्रता एवढीच की तो त्या भाषेत जन्मला. एकही वर्ग घेतलेला नव्हता. आम्ही अकरा अनुभवी शिक्षक वह्या उघडून बसलो होतो. 'सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका दाखवणारं क्रियारूप) कधी?' असं एकीने विचारल्यावर तो म्हणाला, 'कानाला बरं वाटतं तेव्हा.' ही आमची व्यावसायिक प्रगती!

हलन्त

मी शिक्षक नाही, विद्यार्थी होतो, म्हणून दुसरी बाजू. तीन वर्षं फ्रेंच शिकलो अशा बाईंकडे ज्यांना अनुनासिक स्वरांतला फरकच ऐकू येत नसे. 'व्हँ' म्हणजे वाइन, 'व्हाँ' म्हणजे वारा, त्यांच्या तोंडी दोन्ही एकच. पुढे सुधारायला मला दोन वर्षं लागली, अजून गडबड होते. नंतर मातृभाषक शिक्षिका मिळाल्या आणि पहिल्यांदा भाषा जिवंत वाटली. उच्चारात मातृभाषकाला तोड नाही, हे कितीही कडू लागलं तरी खरं आहे.

वेलांटी

म्हणजे एका वाईट शिक्षिकेवरून सगळ्यांचा निकाल. मातृभाषक असून वाईट शिकवणारे तुम्हाला भेटलेच नाहीत?

हलन्त

एकच मुलगा वाईट निघाला म्हणून तुम्हीही सगळ्या मातृभाषकांचा निकाल लावलात की.

वेलांटी

मी निकाल लावला नाही. तो तिथे कशाच्या जोरावर उभा होता ते सांगितलं. तुम्ही वर्गात एकदा तरी खडू धरलाय का? चाळीस जणांसमोर?

हलन्त

नाही धरला. चाळीस जणांत तीन वर्षं बसलोय मात्र. शुल्क मी भरलंय, चुका माझ्या जिभेवर बसल्यात. शिकणाऱ्याने बोलायचंच नाही असं असेल तर तसं लिहा.

अनुस्वार

दोघांनीही आवाज खाली आणा. हलन्त, तुमचा अनुभव खोटा कोणी म्हणत नाहीये. पण त्या बाईंना उच्चार ऐकायचं आणि ऐकवायचं प्रशिक्षण कोणी दिलं होतं का, हेही विचारा. कान तयार करावा लागतो. स्वरांच्या जोड्या ऐकवून, जिभेची आणि टाळूमागच्या मऊ पडद्याची जागा दाखवून तो तयार होतो. ते त्यांना मिळालं असतं तर तुमची तीन वर्षं वाचली असती.

कोशकार

'मातृभाषक' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय भाषिक चौकटीच्या २००१च्या मजकुरात बी-टू या मधल्या-वरच्या पातळीच्या वर्णनात मातृभाषकांशी सहज संवाद अशी कसोटी होती. २०२०च्या पूरक खंडात तिथे 'त्या भाषेचे भाषक' आलं. टेसोलने २००६ मध्येच अमातृभाषक शिक्षकांशी भेदभाव करण्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. नोकरीच्या जाहिराती मात्र बदलत नाहीत.

आणि आपल्या शिक्षकाला काय ठाऊक असतं ते बघा. इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या स्पॅनिशच्या पुस्तकात 'मे गुस्ता' समजावायला पानंच्या पानं जातात, कारण आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत हे त्यांना उलटं वाटतं. मराठी माणसाला? 'मला आवडतं.' झालं. जर्मनचं 'मिअर गेफेल्ट'ही तेच. जर्मन 'त्साइट'मधल्या पहिल्या व्यंजनासाठी इंग्रजी भाषकाला सराव लागतो. आपल्याकडे चमच्यातला च आहेच. तीन लिंगं ऐकून आपला विद्यार्थी दचकत नाही, कुठल्या शब्दाचं कुठलं एवढंच त्याला पाठ करायचं असतं. हे त्या बाविशीतल्या मुलाला कुठून कळणार?

वेलांटी

हे 'मला आवडतं' मी दर वर्षी पहिल्या महिन्यात वापरते आणि वर्ग पाच मिनिटांत पुढे सरकतो. पण मला ते भाषाविज्ञानाच्या परिषदेत कळलं, शिक्षकांच्या नव्हे! चतुर्थीतल्या अनुभवकर्त्यावर, म्हणजे 'मला आवडतं'मधल्या 'मला'वर, एक पेपर होता. निम्मा डोक्यावरून गेला, पण त्यातल्या एका तक्त्यात मराठीचं उदाहरण होतं आणि शेजारी स्पॅनिशचं. मी तो तक्ता वहीत उतरवून घेतला. रफार म्हणतात तसं फिरकले नसते तर तो तक्ता मिळाला नसता.

रफार

निम्मा डोक्यावरून गेला, हे तुम्हीच लिहिलंत. भाषावैज्ञानिक शिक्षकांसाठी बोलतच नाहीत. प्रश्नोत्तरांत मी एकदा विचारलं, 'याचा वर्गात उपयोग कसा करायचा?' उत्तर आलं, 'तो माझा प्रश्न नाही.' सभागृहात हसले लोक. त्यानंतर मी अशा ठिकाणी गेलेलो नाही.

कोशकार

ते उत्तर उद्धट होतं, आम्हा भाषावैज्ञानिकांपैकी कोणाचंही असो. एआयएलए १९६४ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीला स्थापन झाली ती भाषेचा अभ्यास असे प्रश्न सोडवायला वापरता यावा म्हणून. तिची परिषद दर तीन वर्षांनी होते, २०२४ची क्वालालंपूरला झाली. भाषा शिकवण्यावरचे पेपर तिथे ढिगाने असतात. तिथे तो प्रश्न विचारा, कोणी हसणार नाही. उलट आम्हाला वर्गातली सामग्री मिळत नाही हे आमचं दुखणं आहे. तुमच्याकडे वर्षानुवर्षांच्या उत्तरपत्रिका पडून असतील. विद्यार्थ्यांची संमती घेऊन, नावं काढून त्यातल्या चुका कोणी मोजल्या तर तो माझ्या चार पेपरांपेक्षा मोलाचा ऐवज होईल.

मात्रा

परिषद म्हणजेच सगळं असं का धरून चाललोय आपण? मी जपानी शिकवतो. जपान फाउंडेशनच्या जपानमधल्या उरावा इथल्या केंद्रात परदेशातल्या जपानी शिक्षकांसाठी निवासी प्रशिक्षण असतं. अर्ज करावा लागतो, निवड होते, मला दुसऱ्या खेपेला मिळालं. तिथे आमचा पाठ चित्रित करून आम्हालाच दाखवला. 'वा' आणि 'गा' ही जपानी अव्ययं समजावताना मी स्वतःच किती बोलतो आणि विद्यार्थी किती गप्प असतात हे पडद्यावर बघितलं. ते कुठल्याही बीजभाषणाने दाखवलं नसतं. गटे इन्स्टिट्यूटही जर्मन शिक्षकांना प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते. 'काउन्सिल ऑफ युरोप' या देशांच्या संघटनेचं आधुनिक भाषा केंद्र ऑस्ट्रियातल्या ग्राझला १९९४ पासून आहे, त्याची शिक्षकांसाठीची साधनं कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. संस्थेच्या एका माणसाच्या प्रवासखर्चावर सगळं अडत नाही.

रफार

शिष्यवृत्तीच्या अर्जावरही संस्थेची शिफारस आणि रजा लागते, मात्रा. तीच माणसं, तीच सही. तुम्हाला बरे वरिष्ठ मिळाले.

मात्रा

हे खरं आहे. मला सही एका दिवसात मिळाली होती. त्याचा विचार केला नव्हता मी.

हलन्त

माझ्या जुन्या बाईंबद्दल दोन दिवस विचार करतोय. त्यांना कोणी कुठे पाठवलं असेल असं वाटत नाही. एकट्याच होत्या त्या शाळेत फ्रेंचला. उच्चाराबद्दलचं माझं मत मी बदलत नाही, पण दोष सगळा त्यांच्या माथी मारला तो चुकलाच.

वेलांटी

खडूचं बोलणं माझंही जास्त झालं. बाकी मुद्दा तोच.

रफार

'पर्यटन' हा शब्द मी परत घेत नाही. फोटो आणून टिपणं न देणाऱ्यांसाठी तो योग्यच आहे. जो संस्थेच्या पैशाने जाईल त्याने परत आल्यावर पंधरा दिवसांत सहकाऱ्यांसमोर दोन तासांचं सत्र घ्यावं, नाही घेतलं तर पुढची पाळी दुसऱ्याची, हा ठराव मी बैठकीत मांडणार आहे. अनुस्वार यांनी जिन्यातला वाद लिहिला त्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मी रशियन शिकवतो. आठवून पाहिलं. गेल्या अकरा वर्षांत रशियनमधून कोणाशी वाद घातलेला नाही.

कोशकार, उत्तरपत्रिका आहेत माझ्याकडे. सहा वर्षांच्या, तीनशेच्या आसपास. क्रियापदाच्या पूर्ण-अपूर्ण रूपांतल्या चुका मी लाल शाईने खुणावून ठेवल्यात, पण कधी मोजल्या नाहीत. आपला विद्यार्थी 'वाचलं' आणि 'वाचून टाकलं' यात फरक करतो, मग रशियनमध्ये कुठे आणि का अडखळतो, हे मला बघायचंय. सारांश लिहायला बसलो तर अडीचशे शब्दांत मावेना.

कोशकार

हे कोणी केलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आजपासून मोजायला घ्या. मोजायचे प्रकार आधी ठरवा, मग पहिल्या वीस उत्तरपत्रिका आपण दोघं वेगवेगळ्या तपासू आणि आकडे जुळतात का बघू.

अनुस्वार

सारांश मला पाठवा, रफार. सुरुवातीला भाषाशिक्षणाचं महत्त्व वगैरे लिहिलं असेल तर काढून टाका, तिथेच साठ शब्द वाचतात. थेट त्या तीनशे उत्तरपत्रिकांपासून सुरू करा.