दंगल झाली की सरळ मिलिटरीच कामून बोलवत नाहीत?

मांजराकाठचा
आमच्या तालुक्याच्या गावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी निळ्या चट्ट्यापट्ट्याच्या ड्रेसातले जवान मेन रोडनं फिरले आन सगळ्या ग्रुपवर 'मिलिटरी आली' म्हणून व्हिडिओ. आता पोरं म्हणायलेत की पोलिसावर कोणाचा ना कोणाचा दाब असतोय, त्यापेक्षा महिनाभर आर्मी बसवा, सगळे सुतासारखे सरळ होतेत. मला बी पटायलंय. कायदा आडवा येतो का?

अभ्यासिका_नांदेड
भाऊ ते निळे म्हणजे आरएएफ, दंगल आवरायचं दल, सीआरपीएफचीच शाखा, केंद्राच्या गृहखात्याखाली. आन जालना, हिंगोलीचे एसआरपीवाले तर आपल्या राज्याचेच पोलीस. आर्मी बोलवता येतच नाही असं नाही. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम 130 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 149. दुसऱ्या कशानंच जमाव पांगत नसला तर जिल्हाधिकारी नाहीतर त्यांनी अधिकार दिलेला दंडाधिकारी, तो बी जागेवर हजर असलेला, लष्कराला सांगू शकतो. त्यातही कमीत कमी बळ वापरायचं असं कायद्यातच लिहिलंय. परीक्षेला येतं हे 😀

माजी_सुभेदार
बाळा, दंगलीची ड्युटी केलेली हाय म्हणून सांगतो, फौजीला त्याच्याइतकी नको असलेली ड्युटी नाही. आम्हाला शिकवलेलं समोर दुश्मन धरून. इथं समोर कोण, तर बारावीचं पोरगं, हातात अर्धी वीट, मागं त्याची माय बोंबलायली. मॅजिस्ट्रेट सोबत पाहिजे, तो म्हणल्याशिवाय गोळी नाही, धरलेला माणूस पोलिसाच्या ताब्यात द्यायचा, काम झालं की बॅरकीत वापस. गावात महिनाभर ठेवलं तर कोण कोणाचा माणूस हे आम्हाला काय माहीत? बीट जमादाराला माहीत असतंय.

बालाघाटी
पण किल्लारीला 1993 ला आर्मीनंच ढिगारे उपसले की राव. तवा कोणी कायदा काढला नाही.

धाराशिवकर
ते मदतकार्य होतं, तिथं कोणावर बंदूक रोखायची नव्हती. बंदूक घेऊन मुक्काम झाला की काय होतं ते नागालँडला बघा. तिथं अफस्पा, म्हणजे अशांत भागात लष्कराला खास अधिकार देणारा कायदा, 1958 चा. डिसेंबर 2021 ला मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ खाणीतून पिकअपमधी घरी निघालेल्या मजुरांवर लष्कराच्या कमांडोंनी गोळ्या घातल्या, अतिरेकी समजून. 6 जण जागीच गेले, मग चिडलेल्या गावकऱ्यांतले बी मेले. राज्याच्या पोलिसांनी 30 जवानांवर चार्जशीट केलं, तर केंद्रानं 2023 ला खटल्याची परवानगीच नाकारली. पीआय चुकला तर निदान एसपी ऑफिससमोर उपोषणाला बसता येतं, इथं कुणाच्या दारात बसणार? आन आपल्याकडं, हैदराबाद संस्थानात, बी सप्टेंबर 1948 नंतर वर्षाहून जास्त मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते, निजामाची अन् रझाकारांची सत्ता मोडायला फौज लागलीच, ते वेगळं. पण नंतर कारभार नागरी माणसाकडं आला, तसाच यायला पाहिजे होता.

मांजराकाठचा
ते सगळं बरोबर हाय काका लोकहो, पण पोलिसानं एकाच गटाची पोरं उचलली त्याचं काय?

अभ्यासिका_नांदेड
एसपींना लेखी दे, पोच घे. नाही ऐकलं तर मुंबईला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हाय, पोलीस सुधारणांवरच्या सुप्रीम कोर्टाच्या प्रकाश सिंह निकालानंतर आलेलं. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू.

माजी_सुभेदार
आन दगडफेकीचा व्हिडिओ असंल तर मूळ फाईल जपून ठेव. ग्रुपवर फिरून आलेली चालत नसते.