‘इथीरिअल’ आवाज: अलौकिक, तरल की झिरझिरीत?

मुक्ता: एका इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या) बँडच्या नव्या अल्बमवरच्या परीक्षणांचा मराठी गोषवारा करते आहे. न्यू वेव्ह या पंकमधून निघालेल्या शैलीचा सिंथेसायझर, ड्रीम पॉप या धूसर, स्वप्नाळू शैलीची गिटार. एक समीक्षक गायिकेच्या आवाजाला कौतुकाने ‘इथीरिअल’ म्हणतो, म्हणजे या जगातला न वाटण्याइतका हलका, नाजूक. दुसऱ्याची तीच तक्रार: आवाज इतका इथीरिअल की हाती काही लागत नाही. ‘अलौकिक’ लिहिलं की तक्रार बुडते. दोन्हीकडे चालेल असा शब्द हवाय.

मंद्र: ‘तरल’. संस्कृतात तरल म्हणजे थरथरणारं, चमचमणारं. कॉक्टो ट्विन्स या ड्रीम पॉप बँडच्या रॉबिन गथ्रीची गिटार आठवा, दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. धातू तॄ, तरंगाचाही तोच.

अवधूत: तरल गुळगुळीत झालाय हो. प्रत्येक कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर तो असतोच. शिवाय तरल म्हणून कुणी नावं ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

सुलभाताई: मग ‘झिरझिरीत’ आणि ‘विरविरीत’ अशी जोडी घ्या. माझी आई नेमका फरक करायची. झिरझिरीत कापड मुद्दाम तसं विणलेलं, विरविरीत म्हणजे वापरून विरलेलं. पहिलं कौतुकाला, दुसरं तक्रारीला.

अवधूत: ताई, आमच्याकडे नवं कोरं कापडही विरविरीत असायचं. वीण पातळ असली की झालं.

मुक्ता: जोडी सुंदर आहे, पण मग निवाडा माझा होतो, समीक्षकाचा नाही. स्लोडाइव्ह या बँडचा ‘सूव्लाकी’ हा शूगेझ (ड्रीम पॉपच्या जवळची, गिटारच्या दाट गोंगाटाची शैली) अल्बम १९९३ मध्ये आला तेव्हा ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांनी त्याला झोडपलं. आज तो या शैलीतला मानाचा अल्बम आहे. ध्वनी तोच, ऐकणारे बदलले. म्हणून शब्दाने आधीच बाजू घेऊ नये.

विनायक: मूळ दुखणं वेगळंच आहे. न्यू वेव्ह, ड्रीम पॉप हे जसंच्या तसं का? ‘नवलाट’, ‘स्वप्नपॉप’ म्हणा.

मंद्र: नको. ही वर्णनं नाहीत, नावं आहेत. पंक (बंडखोर, आक्रमक रॉक) म्हटलं की रेडिओवाले बिचकत, म्हणून सायर रेकॉर्ड्स या कंपनीच्या सिमोर स्टाइनने न्यू वेव्ह हे नाव पुढे रेटलं. शूगेझ तर टवाळीतून आलं, वादक पायाशी ठेवलेल्या, गिटारचा ध्वनी बदलणाऱ्या पेडलांकडे बघत वाजवतात म्हणून. ‘नवलाट’मध्ये यातलं काय उरतं?

विनायक: नाव आहे म्हणून भाषांतर नको, हा नियम कुणी केला? रूढ होईपर्यंत प्रत्येक शब्द परकाच वाटतो.

सुलभाताई: विरविरीतचं मूळ ‘विरणे’च आहे, अवधूत. जे विरलं नाही ते विरविरीत कसं?

अवधूत: विरळ वीण म्हणून. विरळवरूनच आला असणार.

मुक्ता: रिव्हर्बला, म्हणजे आवाज थांबल्यावरही रेंगाळणाऱ्या नादाला, काय म्हणू? त्याच परीक्षणात तो सात वेळा आलाय.

मंद्र: घुमारा.

विनायक: घुमारा वाद्याचा, आवाजाचा अंगचा असतो. रिव्हर्ब भिंतींवरून येतो, निदान तसा भास करून देतो. ‘पडसाद’ घ्या.

मंद्र: पडसाद सुटा ऐकू येतो, तो एको. रिव्हर्बमध्ये सगळे पडसाद एकमेकांत मिसळून जातात.