मातीवरची जुनी 'जागतिक' टेनिस स्पर्धा

वरूडकर: तालुक्याच्या क्रीडा प्रश्नमंजुषेसाठी विचारतो. पॅरिसची वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप म्हणजेच फ्रेंच ओपन का?

दारव्हा_एक्स्प्रेस: नाही भाऊ, वेगळी. 1912 ते 1923, पॅरिसजवळच्या सेंट-क्लूच्या मातीच्या कोर्टांवर (तेव्हा मातीच्या कोर्टालाही 'हार्ड' म्हणत). फक्त 1922 ला ब्रुसेल्स. 1915-19 महायुद्धामुळे खंड. फ्रेंच स्पर्धा तेव्हा फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरतीच होती, परदेशी खेळाडूंना 1925 पासून. प्रश्न घालायचाच तर सुझान लाँग्लेनचा घाला: 1914 ला जिंकली तेव्हा जेमतेम 15 वर्षांची. त्याच वर्षीचा पुरुष विजेता अँथनी वाइल्डिंग पुढच्या मे महिन्यात युद्धात मारला गेला.

वरूडकर: मग बंद कायले पडली?

पांढरकवडा: 'जागतिक' या किताबापायी. अमेरिकेचा त्याला विरोध, म्हणून ती आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघात येईना. 1923 ला असे किताबच रद्द झाले, अमेरिका आत आली.

वरूडकर: शाळेमागं तसं कोर्ट जमेल?

पांढरकवडा: आधी काळी माती उपसा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा थर फाटतो. तळाला खडी, वर दाबलेला मुरूम, शेवटी चाळलेला विटांचा चुरा. फ्रेंच ओपनच्या रोलाँ गारोस मैदानावर चुऱ्याचा थर 1-2 मिलिमीटरच असतो. जाड टाकला तर चेंडू उसळत नाही, पायही घसरतो. आणि मे महिन्यात पाणी रोज मारा, नाहीतर चुरा वाऱ्यानं उडून जाईल.